आईच्या वाट्याचा धूर

जबाबदार सुट्टी कशी घालवावी, याचे अकरा नियम माझ्या थोरल्या भावानं पुण्याहून कुरिअरनं पाठवले. कुरिअरचा माणूस जालन्याहून मोटारसायकलवर आला. आमचं गाव राजूरपासून आठ कोसांवर, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. त्याला पत्ता सापडेना, म्हणून तो दोनदा चुकीच्या पांदीत शिरून बाहेर आला आणि शेवटी शाळेत येऊन माझ्या हातात पाकीट देऊन गेला. पाकिटावर प्लॅस्टिकचं वेष्टन होतं. आतल्या कागदावर पहिलाच नियम होता, प्लॅस्टिक टाळा.

ही दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. दादा पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि वर्षातून दोनदा तरी अमेरिकेला जाऊन यायचा. मी आमच्या गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वडील लवकर गेले, आई माझ्याजवळ राहायची. त्या दिवाळीच्या सुट्टीत दादानं बायको-मुलीला घेऊन यायचं आणि आपण सगळ्यांनी जीप करून आईला कोकणात समुद्र दाखवायला न्यायचं, असं चार महिने आधी पक्कं ठरलं होतं. जीपवाल्याला मी सांगूनही ठेवलं होतं.

आता हा कागद सांगत होता की ते सगळं रद्द. दादानं कुठलंसं व्याख्यान ऐकलं होतं. पृथ्वी तापत चालली आहे, आपल्या प्रत्येक प्रवासानं हवेत कार्बन जातो, आणि नुसत्या हौसेपायी एवढ्या लांब डिझेलची गाडी पळवणं हा त्याला गुन्हा वाटू लागला होता. त्याऐवजी आपण बैलगाडीनं राजूरच्या गणपतीला जाऊ, वाटेत शेतात जेवू, एक मुक्काम करू. खाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आईला आवडेल. तिच्या जुन्या आठवणी जाग्या होतील.'

आईच्या जुन्या आठवणी कसल्या होत्या, ते त्यानं मला विचारायला हवं होतं. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आमच्या घरात सुट्टी म्हणजे दोनच ठिकाणं. अंगारकीला राजूर आणि मे महिन्यात टेंभुर्णीला मामाचं घर. दोन्हीकडे बैलगाडीनं. गाडीत कडब्याच्या पेंढ्या, त्यांवर वाकळ, वाकळीवर आम्ही आणि आईच्या मांडीवर भाकरींचं गाठोडं. वाटेत पळसाची पानं तोडायची, त्यांवर ठेचा-भाकर खायची आणि पानं तिथंच टाकून उठायचं. पाणी कुणाच्याही विहिरीचं, झोप धर्मशाळेच्या ओट्यावर. याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हतं. याला पैसे नसणं म्हणत. दणक्यांनी आईची कंबर अशी धरायची की परत आल्यावर दोन दिवस ती भिंतीचा आधार घेऊन चुलीपुढे बसायची.

आणि दादा? हाच दादा, बाजूनं एसटी गेली की गाडीतून उडी मारायचा, धुळीत लोळायचा आणि आकांत मांडायचा. मला एसटीनंच न्या. दहावीत असताना त्यानं घरात जाहीर केलं होतं की एकदा नोकरी लागली की मेलो तरी बैलगाडीत पाय ठेवणार नाही. शब्दाचा पक्का माणूस. वीस-बावीस वर्षं त्यानं तो पाळला.

समुद्राचं खूळ आईच्या डोक्यात शिरलं ते माझ्यामुळे. मी पाचवीत असताना गुरुजींनी समुद्रकिनाऱ्याचं चित्र काढून आणायला सांगितलं. गुरुजींनीही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे कोणाचं चुकण्याचा प्रश्नच नव्हता. मी खाली पिवळी वाळू काढली आणि उरलेला सगळा कागद निळा करून टाकला. आई समोर शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वाकडी करून चित्र पाहिलं.

"पल्याडचा काठ कुठं गेला?"

"समुद्राला पल्याडचा काठ नसतो."

"आसं कसं? पानी हाय म्हंजे काठ हायच. तुला काढता आला न्हाई म्हन."

तिनं पाहिलेल्या सगळ्या पाण्याला पलीकडचा काठ होता. विहिरीला होता, नदीला होता, जालन्याच्या तळ्याला होता. मी पुस्तक उघडून दाखवलं, गुरुजींची शपथ घेतली, तरी तिला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तिला एवढंच हवं होतं. काशी नको, रामेश्वर नको, एकदा स्वतः जाऊन बघायचं होतं की पलीकडचा काठ खरंच नसतो का. बाकीच्यांनी नीट पाहिलं नसणार, अशी तिची खात्री होती.

दादाला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, पहिल्या पगारात समुद्र. मग त्याचं लग्न झालं, मग फ्लॅट झाला, मग मुलगी, मग गाडी, मग अमेरिका. अमेरिकेहून त्यानं आईला तिथल्या समुद्राचा मोठा फोटो आणला. आईनं तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला.

"फोटोवाल्यानं काठ कापला आसंल," ती म्हणाली आणि फोटो परत दिला.

दादाला नावं ठेवताना माझ्या घशात एक काटा अडकतो, तोही इथंच काढून टाकतो. आम्हा मास्तरांना काही वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनाची सवलत मिळायची. घरच्यांना घेऊन राज्यात कुठंही जाऊन या, प्रवासाचं बिल दाखवा, पैसे घ्या. आमच्यातले काही जण खरंच जायचे. मी उरलेल्यांतला. एका वर्षी मी, बायको आणि आई कागदावर चार दिवस कोकणात राहून आलो. गावातल्या जीपवाल्यानंच बिल करून दिलं, आणि त्या पैशांत आमच्या स्लॅबची गळती थांबली. कार्बनच्या बाजूनं पाहिलं तर एवढा निर्मळ प्रवास दादालाही कधी साधला नसेल.

पुढं शाळा तपासायला आलेले एक साहेब घरी चहाला आले आणि सहज आईला म्हणाले, "काय आजी, कसा वाटला समुद्र?"

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लई खारट," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

साहेब गेल्यावर मी वाट पाहत बसलो. तिनं रागावून चार शब्द ऐकवले असते तर मी सुटलो असतो. तिनं विषयच काढला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. मला त्याची अजून लाज वाटते.

तर दादाचा कागद मी आईला वाचून दाखवला. तिची तयारी महिनाभर आधीच झाली होती. पाय घसरू नयेत म्हणून जाड रबरी चप्पल घेतली होती. औषधाची एक रिकामी बाटली राखेनं घासून, उन्हात वाळवून ठेवली होती. त्यात समुद्राचं पाणी आणून ती गल्लीतल्या बायकांना चाखवणार होती. मी अकराही नियम वाचले. ती ऐकत राहिली.

"काऊन पन?" ती म्हणाली. "समिंदर आटला का?"

"आटला नाही. जीपच्या धुरानं हवा खराब होते म्हणतो."

"अन् राजूरला बैलगाडीत?" तिचा हात आपोआप कमरेवर गेला. मग ती म्हणाली, "बराबर आसंल त्याचं. शिकल्याला हाय तो." तिनं बाटली उचलली आणि फडताळात मागच्या बाजूला ठेवून दिली.

ते मला बघवेना. मी दादाला फोन केला. त्याचा आवाज शांत होता. माणसाला नुकतंच काहीतरी पटलेलं असलं की त्याचा आवाज असा होतो.

"अरे, प्रश्न आईचा नाही. पृथ्वीचा आहे."

"आईनं पृथ्वीचं काय वाईट केलंय?"

"तू भावनिक होऊ नकोस. कुणीतरी सुरुवात करायला हवी ना?"

मी म्हटलं, मग तू कर. पण हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं. थोरल्या भावापुढे माझी जीभ नेहमी अशीच उशिरा सुटते.

आता बैलगाडी शोधायची होती. जीपवाल्याची कोकणची फेरी बुडाली होती, तरी तो उत्साहानं पुढं सरसावला. पाहुण्यानं काही मागितलं आणि गावात ते नाही, असं सांगायची आमच्याकडे रीतच नाही. "गुर्जी, पाव्हने बैलगाडी म्हनत्यात तर बैलगाडीच," तो म्हणाला. "आपल्या गावाची अब्रू हाय." अडचण एवढीच होती की गावात घरोघर ट्रॅक्टर झाले होते. चार-पाच बैलजोड्या उरल्या होत्या, त्या रब्बीच्या पेरणीला जुंपलेल्या. गाड्या होत्या त्यांना रबरी टायर. आणि चौथ्या नियमात दादानं स्पष्ट लिहिलं होतं, पारंपरिक लाकडी चाकांची गाडी असावी.

तशी गाडी टेंभुर्णीला मामाच्या गोठ्याशेजारी पडून होती. मामाचे बैलही रिकामे होते. ती गाडी तिथून चालवत आणायची तर दीड दिवस लागला असता आणि बैल दमले असते. जीपवाल्यानं टेम्पो केला. पहिल्या फेरीत चाकं काढून गाडी आली, दुसऱ्या फेरीत मामाच्या गड्यासोबत बैल आले. बैलांनी जन्मात टेम्पो पाहिलेला नव्हता. खाली उतरवल्यावर ते बराच वेळ पाय फाकवून उभे राहिले, जमीन हलते की थांबली याचा अंदाज घेत.

"अहो, हे सगळं डिझेल वाचवायला चाललंय," मी जीपवाल्याला म्हणालो.

"वाचंल ना गुर्जी! उद्या बिलकुल धूर व्हनार न्हाई. आज व्हऊ द्या."

दादा आला तो एसी लावलेल्या मोठ्या गाडीतून. काचा बंद होत्या म्हणून आमच्या गल्लीची धूळ आत गेली नाही. वहिनी शहाणी बाई, तिनं नजरेनंच मला सांगितलं की यात आपला हात नाही. पुतणीच्या कानात गाण्यांच्या वायरी होत्या. डिकीतून दादानं सुपारीच्या पानांच्या थाळ्या काढल्या, दहा-दहाच्या गठ्ठ्यात, प्रत्येक गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. मग सेंद्रिय ज्वारीच्या पिठाची पिशवी काढली. माझ्या बायकोनं ती उलटून पाहिली. ज्वारी आमच्याच जिल्ह्यातली होती. पुण्याला जाऊन, दळून घेऊन, पिशवीत बसून ती माहेरी आली होती. आमच्या परसात तीच ज्वारी पोत्यांत पडून होती, पण तिला कोणी सेंद्रिय म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढं बैलगाडी. तिच्यामागं जीप, कारण पाण्याचे जार, गाद्या, स्वयंपाकाचं सामान आणि माझी बायको यांना गाडीत जागा नव्हती, शिवाय पाहुण्यांना काही लागलं तर? जीपच्या मागं वहिनीच्या हातात दादाची मोटार. ती का, तर दादाला सोमवारी कंपनीत महत्त्वाची बैठक होती आणि तो राजूरहूनच परस्पर पुण्याला निघणार होता. बैलांच्या चालीनं चालायचं म्हणून जीपवाला जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत ठेवत होता. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. एकानं विचारलंही, नवरदेव कुठं हाय?

"किती शांत वाटतं नाही?" दादा म्हणाला. जीपच्या आवाजामुळे त्याला ते ओरडून म्हणावं लागलं.

पुतणी पहिल्या कोसाला उतरून मोटारीत गेली. दादा दीड कोस टिकला. आधी त्यानं चाकांचे फोटो काढले, मग बैलांच्या शिंगांचे, मग एक मोठा खड्डा आला आणि त्याचा कणा खालून वर वाजला. मग त्याला आठवलं की गाडीचा फोटो गाडीतून नीट येत नाही, तो लांबून काढायला हवा. त्यासाठी तो जीपमध्ये बसला. परत आलाच नाही.

बैलगाडीत उरलो मामाचा गडी, मी आणि आई. ती तेव्हा सत्तरीला टेकली होती. प्रत्येक दणक्याला ती डोळे मिटायची आणि बसायची जागा थोडी बदलायची, जशी पंचवीस वर्षांपूर्वी बदलायची तशीच.

"आई, तूही जीपमध्ये बस."

"नको. माझ्यासाठी केलंय म्हन्तो ना त्यो. म्याच उतरले तर त्याला कसं वाटंल?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "एसटी पाह्यली की कसा लोळायचा रे त्यो. आठवतंय का त्याला?"

मला त्या क्षणी दादाचा असा संताप आला की गाडी थांबवून त्याला जीपमधून ओढून काढावं. पण मी काय बोलणार होतो? मी तर तिला न उठवता, जागच्या जागी कोकणात नेऊन आणलं होतं.

राजूरला पोचलो तेव्हा दुपार कलायला आली होती. दर्शन झालं. धर्मशाळेच्या खोलीत सुपारीच्या थाळ्यांवर जेवणं झाली. आईला गादीवर आडवं व्हायचं होतं, पण दादाला अकरावा नियम पुरा करायचा होता. सहलीच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या आयुष्यातल्या धुराचा आढावा घ्यावा. त्यासाठी त्यानं लॅपटॉप आणला होता. लॅपटॉपची बॅटरी उतरली होती आणि राजूरला भारनियमन चालू होतं. जीपवाला उठला, बाजारात गेला आणि एका मांडववाल्याकडून डिझेलवरचा जनरेटर जीपमध्ये घालून घेऊन आला. तो खिडकीखाली धडधडायला लागला. निळा धूर सरळ खोलीत आला. पुतणीनं ओढणी नाकाला लावली.

"प्रत्येकानं आपापल्या धुराची जबाबदारी घ्यायला हवी!" दादा जनरेटरवर आवाज चढवून म्हणाला आणि त्यानं आईपासून सुरुवात केली. "आई, रेल्वेत किती वेळा बसलीस?"

"दोनदा. तुझ्या मावशीच्या लग्नाला परभनीला गेल्ते, अन् आल्ते."

"एसटीत?"

आई बोटं मोजायला लागली. जालन्याचा दवाखाना. दादाचं कॉलेज. मावशीचा तेरावा. दादानं आकडा टाकला. विमान विचारताना त्याचं त्यालाच हसू आलं.

"जीपमध्ये?"

"उद्या बसंन. घरी जाताना."

जीपवाला दारात उभा होता. आवाजामुळे त्याला अर्धवटच ऐकू येत होतं. "आन् कोकनात गेल्त्या की मावशी, माझ्या जीपनं!" तो मोठ्यानं म्हणाला. "म्या सोता बिल फाडलं व्हतं गुर्जीला!" आणि मग त्यानं जीभ चावली.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मनापासून खुलला.

"म्हणजे तू आईला कागदावर समुद्र दाखवलास? आणि मला फोनवर विचारतोस आईनं काय वाईट केलंय म्हणून?"

मी मान खाली घातली. जे होतं ते होतं. बायको भांडी आवरायला उठली.

"कागदाचा धूर व्हतो का रे?" आईनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"मंग ते धरू नको. फुडं चल."

दादानं आणखी थोडं काहीबाही भरलं, चूल, रॉकेल, घरातला एक दिवा, आणि बेरीज आली तशी त्यानं मांडीवर थाप मारली. "आई! तुझ्या सगळ्या आयुष्याचा धूर माझ्या अमेरिकेच्या एका फेरीएवढाही भरत नाही!" पुतणीनं कानातल्या वायरी काढल्या. दादा आता व्याख्यानातल्यासारखा बोलू लागला. "बघा, आदर्श म्हणतात तो हा. जगातल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा धूर येतो असं धरलं, तर आईनं आपल्या वाट्याचा वापरलेलाच नाही!" त्यानं टाळ्या वाजवल्या. वहिनीनं वाजवल्या. जीपवाल्यानंही वाजवल्या, आपली चूक झाकली जावी म्हणून जरा जास्तच.

आईनं टाळ्या संपू दिल्या.

"म्हंजे माझ्या वाट्याचा शिल्लक हाय?"

"हाय की! भरपूर!" आनंदाच्या भरात दादा गावचं बोलून गेला.

"मंग कोनं वापरला त्यो?"

"तसा कुणी एकानं असा नाही, आई..."

"तू वापरला का?"

"अगं, हे सगळं ढोबळ असतं. अंदाजानं काढायचं असतं."

"आसू दे. जेवढा उरला आसंल, त्यातून मला समिंदर दाखव."

वहिनीनं दादाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. दादानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी, आई. नक्की. रेल्वेनं जाऊ, रेल्वेला धूर कमी." आणि मग सोमवारच्या बैठकीचं सांगू लागला.

"व्हय व्हय," आई म्हणाली. ती गादीवर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी बाहेर आलो. जीपवाला जनरेटर परत नेण्यासाठी जीपमध्ये चढवत होता. मी त्याला म्हणालो, सुट्टी अजून आठवडाभर आहे. उद्या पहाटे निघायचं. कोकणात.

"बिल कितीचं करू?" सवयीनं त्यानं विचारलं.

"बिल नको. जीप आण."

दादा ठरल्याप्रमाणे राजूरहून पुण्याला गेला. गाडी आणि बैल ठरल्याप्रमाणे टेम्पोनं टेंभुर्णीला गेले. मी, बायको आणि आई पहाटे जीपनं निघालो; आधी घरी वळलो, तिथं आईनं रबरी चप्पल आणि फडताळातली बाटली घेतली. आईनं पुढची जागा धरली आणि सगळ्या रस्त्याकडे टक लावून बसली, कंबर दुखते असं एकदाही म्हणाली नाही. पुणं आलं तेव्हा मी विचारलं, दादाकडे थांबायचं का.

"नको," ती म्हणाली. "त्यो हिशोब मांडून राह्यला आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर उभे होतो. आई रबरी चप्पल घालून ओल्या वाळूपर्यंत गेली आणि कपाळावर हात धरून समोर पाहत राहिली. मग डावीकडे बरीच चालत गेली, तिथून पाहिलं. परत आली, उजवीकडे गेली. सकाळचं धुकं होतं, ते विरेपर्यंत ती खाली बसली नाही. जीपवाल्याची नजर चांगली म्हणून तिनं त्याला बोलावलं.

"तुला काही दिसून राह्यलंय का रे तिकडं?"

"न्हाई मावशी. पानीच हाय."

"मंग न्हाईच," ती म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं चित्र बराबर व्हतं."

मग तिनं वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकली.

"बघ. लई खारट. साह्यबाला म्या खोटं न्हाई बोलले."

मी तोंड फिरवलं आणि उगाच जीपकडे बघत उभा राहिलो. तिनं मला माफ केलं होतं की टोचलं होतं ते मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. दादा होता. घरचा फोन कोणी उचलत नाही, आहात कुठे? मी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "जीप ॲव्हरेज किती देते?"

आईनं हात पुढं केला. तिनं फोन उलटा धरला, मी तो सरळ केला. फोनवर ती नेहमी पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची.

"पाह्यला रे बाबा समिंदर! काठ न्हाई त्याला. तुझ्या वाट्याचा बी पाहून घेतला म्या. तू येऊ नको आता. धूर व्हतो."

फोन माझ्या हातात देऊन ती बाटली भरायला वाकली.